आसंजन-रेणू, रोहिणीविलेप आणि हृदयशोथ : उंदरांवरील संशोधनाचा परामर्श

हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णास दुसऱ्या झटक्याचा धोका पुढील वर्षभर विशेष असतो, ही गोष्ट वैद्यकास फार दिवसांपासून ठाऊक आहे. तिचा अर्थ मात्र बहुधा एकाच रीतीने लावला जात असे. ज्याच्या रोहिण्या (धमन्या) एकदा दगा देण्याइतक्या बिघडल्या, त्याच्या त्या पुन्हाही दगा देणार. म्हणजे पहिला झटका हे पुढील संकटाचे लक्षण होय, कारण नव्हे. २०१२ साली बोस्टन येथील मथियास नारेनडॉर्फ आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे ह्याहून निराळी गोष्ट पुढे मांडली. हृदयाचा झटका हा स्वतःच शरीरात इतरत्र असलेल्या रोहिणीविकारास चेतवितो, असे त्यांना आढळून आले. हृदयाच्या एका भागातील स्नायू मृत झाल्याची वार्ता दूरच्या रोहिणीच्या भिंतीपर्यंत कशी पोहोचते आणि तेथे ती कोणत्या रेणूंच्या द्वारे फलद्रूप होते, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम ह्या विकाराच्या स्वरूपाकडे व त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उंदराकडे वळले पाहिजे.

रोहिणीच्या आतल्या थरात मेद, पेशी आणि तंतू साचून जे जाड पुट तयार होते त्यास येथे विलेप असे म्हटले आहे. हा विलेप कशामुळे होतो, ह्याविषयी दोन मते दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदत आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिरखो ह्याने तो रोहिणीच्या आतील आवरणाचा शोथ आहे, म्हणजे जखम वा गळू ह्यांत जी प्रतिक्रिया दिसते त्याच जातीची ती प्रतिक्रिया आहे, असे प्रतिपादन केले. १९१३ साली सेंट पीटर्झबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह ह्याने सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना चारून त्यांच्या रोहिण्यांत मानवी विकाराशी मिळतेजुळते विलेप निर्माण केले. ह्या प्रयोगाचे वजन इतके पडले, की पुढील कित्येक दशके हा विकार मुख्यतः मेदाचा म्हणूनच अभ्यासला गेला. वस्तुतः त्या सशांच्या रोहिण्यांतही मेदाने गच्च भरलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसणाऱ्या पेशी होत्याच. त्यांतील बहुसंख्य रक्तातून आलेल्या श्वेत पेशी असतात, हे पुढे निश्चित झाले. मेद आणि शोथ ही दोन मते मुळात परस्परविरोधी नव्हतीच. मेदाने भिंत डिवचली जाते, डिवचलेली भिंत श्वेत पेशींना बोलावते आणि त्या पेशी आत शिरून मेद गिळतात, असा हा क्रम आहे. प्रश्न उरतो तो मधल्या पायरीचा. वेगाने वाहणाऱ्या रक्तातील पेशी भिंतीपाशी थांबते कशी?

ससा हा ह्या अभ्यासास पुष्कळ दिवस पुरला. परंतु एखाद्या विशिष्ट रेणूचे कार्य ठरवावयाचे झाल्यास तो रेणू प्राण्यातून काढून टाकून काय घडते ते पाहणे, हा सर्वांत सरळ मार्ग होय, आणि तो ज्या प्राण्यात प्रथम साध्य झाला तो प्राणी म्हणजे उंदीर. ठरावीक जनुक निकामी करण्याची ही पद्धती सिद्ध केल्याबद्दल मारियो कॅपेची, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिदीझ ह्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण अशी होती, की उंदीर ह्या विकारास स्वभावतः बळी पडत नाही. त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग अधिक घनतेच्या मेदप्रथिनांत असतो आणि ही मेदप्रथिने रोहिणीच्या भिंतीत साचत नाहीत. १९९२ साली ह्या अडचणीवर दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उपाय सापडला. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जॅन ब्रेस्लो ह्यांच्या आणि उत्तर कॅरोलायना विद्यापीठात नोबुयो माएदा ह्यांच्या प्रयोगशाळेत अपोलिपोप्रोटीन-ई ह्या प्रथिनाचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार करण्यात आले. ह्या प्रथिनामुळे यकृतास रक्तातील मेदप्रथिनांचे अवशेष ओळखता येतात. ते नसल्यास अवशेष रक्तातच राहतात आणि एरवी दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात १०० मिलिग्रॅमच्या आत असलेले कोलेस्टेरॉल साध्या आहारावरही ४०० ते ५०० मिलिग्रॅमच्या घरात जाते. पुढच्याच वर्षी डॅलस येथे ब्राउन व गोल्डस्टीन ह्यांच्या गटाने कमी घनतेच्या मेदप्रथिनाचा ग्राहक-रेणू नसलेला उंदीर सिद्ध केला. आजवरच्या बहुतेक प्रयोगांचा आधार म्हणजे उंदरांच्या ह्या दोन जाती होत.

अपोलिपोप्रोटीन-ई नसलेल्या उंदरात विकाराची वाटचाल जवळजवळ पंचांगाप्रमाणे पाहता येते. साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात महारोहिणीच्या भिंतीस मोनोसाइट जातीच्या श्वेत पेशी चिकटलेल्या दिसतात. पुढील काही आठवड्यांत भिंतीच्या आत फेसाळ पेशींचे थर जमतात आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास वर तंतूंचे टोपण असलेला पक्व विलेप आढळतो. माणसात ज्यास कित्येक दशके लागतात ते येथे पाच महिन्यांत घडते. ही पुटे वाटेल तेथे उमटत नाहीत, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. महारोहिणीच्या मुळाशी, तिच्या कमानीच्या आतल्या वळणावर आणि फाटे फुटतात त्या जागी ती प्रथम दिसतात. सरळ भागात रक्त एका दिशेने सुरळीत वाहते; वळणावर व फाट्यावर प्रवाह मंदावतो, उलटसुलट होतो. ह्या विस्कळीत प्रवाहाखाली असलेल्या अंतःस्तराच्या पेशींवर, म्हणजे रोहिणीस आतून अस्तर घालणाऱ्या पेशींच्या एकपदरी थरावर, एक विशिष्ट प्रकारचे रेणू अधिक प्रमाणात प्रकट झालेले असतात. तेच आसंजन-रेणू होत.

पेशीला पेशी किंवा पेशीला भिंत चिकटविणाऱ्या पृष्ठभागावरील प्रथिनांना हे नाव आहे. रक्तातील श्वेत पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात, हे यूलियस कोनहाइम ह्याने १८६७ साली बेडकाच्या पारदर्शक पटलात प्रत्यक्ष पाहून नोंदविले होते. त्यामागील रेणूंचा उलगडा होण्यास मात्र विसाव्या शतकाची अखेरची दोन दशके उजाडावी लागली. ही क्रिया एका झटक्यात होत नाही. भरल्या प्रवाहातून जाणारी होडी काठावरच्या झुडपांना धरत धरत वेग कमी करते आणि मगच खुंट्याला बांधली जाते, तशी काहीशी ही रीत आहे. पहिले काम सिलेक्टिन ह्या कुळातील रेणूंचे. ते श्वेत पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करायुक्त साखळ्या क्षणभर पकडतात व सोडून देतात. त्यामुळे पेशी भिंतीवरून गडगडत जाते. पी-सिलेक्टिन हा अंतःस्तराच्या पेशीत आणि रक्तातील बिंबाणूत आधीच साठविलेला असतो, म्हणून तो काही मिनिटांत पृष्ठभागावर येतो. ई-सिलेक्टिन नव्याने तयार व्हावा लागत असल्याने त्यास काही तास लागतात. वेग मंदावल्यावर भिंतीवरील रासायनिक संदेशांमुळे श्वेत पेशीवरील इंटेग्रिन नावाचे रेणू ताठ होतात आणि अंतःस्तरावरील व्हीकॅम-१ व आयकॅम-१ ह्या रेणूंशी घट्ट जुळतात. येथे पेशी थांबते. मग दोन पेशींमधील फटीतून वाट काढून ती भिंतीत उतरते. भिंतीत गेलेली मोनोसाइट महाभक्षी पेशी बनते, मेद गिळते आणि फेसाळ होते.

ह्या रेणूंपैकी रोहिणीविकाराशी व्हीकॅम-१ चा संबंध प्रथम उजेडात आला. १९९१ साली मायरन सायबुल्स्की आणि मायकेल गिम्ब्रोन ह्यांनी सशांच्या रोहिण्यांत, जेथे विलेप सुरू होत होता नेमक्या तेथेच अंतःस्तरावर हा रेणू दाखविला. पण रेणू जागेवर सापडणे आणि तो दोषी ठरणे ह्यांत अंतर आहे. ते अंतर काटण्यासाठी व्हीकॅम-१ नसलेला उंदीर हवा होता, आणि येथे संशोधकांपुढे पेच उभा राहिला. हा रेणू मुळीच नसलेले भ्रूण जगतच नाहीत. वारेची जडणघडण आणि हृदयाचे बाह्य आवरण ही दोन्ही त्यावाचून नीट होत नाहीत, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत दिसून आले. जो रेणू प्रौढ वयात रोहिणी बिघडविण्यास हातभार लावतो त्याच्यावाचून हृदय मुळात घडतच नाही. अखेर रेणूचा केवळ एक खंड वगळून तो अत्यल्प प्रमाणात तयार होईल अशी उंदराची जात सिद्ध करण्यात आली. मेदप्रथिनाचा ग्राहक-रेणू नसलेल्या उंदरांशी तिचा संकर केल्यावर आरंभीचे विलेप स्पष्टपणे घटले. आयकॅम-१ काढून टाकल्याने मात्र ह्या उंदरांत फारसा फरक पडला नाही. सायबुल्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांचे हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले.

एवढ्यावर व्हीकॅम-१ हाच एकमेव सूत्रधार मानणे घाईचे ठरले असते. अपोलिपोप्रोटीन-ई नसलेल्या उंदरांत आयकॅम-१ काढल्यावर विलेप कमी झाल्याचे २००० साली दुसऱ्या एका गटास आढळले होते आणि पी-सिलेक्टिन काढल्यावर ते अधिकच कमी झाले होते. मूळ जात, आहार आणि प्रयोगाचा कालावधी बदलला की उत्तरही काही अंशी बदलते. उंदरांवरील निष्कर्ष वाचताना ही सावधगिरी नेहमीच बाळगावी लागते, आणि वृत्तपत्रांतून हेच निष्कर्ष मांडले जातात तेव्हा नेमकी तीच गळून पडते. सिलेक्टिनांच्या बाबतीत १९९८ चा एक प्रयोग विशेष बोलका आहे. पी आणि ई हे दोन्ही सिलेक्टिन नसलेल्या उंदरांत आठ आठवड्यांच्या मेदयुक्त आहारानंतर विलेप तुलनेने पाचपट लहान होते. पण बावीस आठवड्यांनी तोच फरक सुमारे ४० टक्क्यांवर आला. दार बंद केले होते, तरी उशिरा का होईना, पेशी आत पोहोचल्याच. एका रेणूचे काम दुसरा थोडेबहुत करतो. शरीराच्या दृष्टीने ही सोय आहे, कारण ह्याच मार्गाने श्वेत पेशी जंतूंचा समाचार घेण्यास जातात.

ही सोय किती मोलाची आहे हे ज्या बालकांत ती जन्मतःच नसते त्यांच्याकडे पाहिले म्हणजे कळते. इंटेग्रिनाचा एक घटक नसलेल्या बालकांची नाळ वेळेवर गळत नाही, त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात आणि रक्तात श्वेत पेशी विपुल असूनही जखमेत पू होत नाही, कारण पेशी तेथे पोहोचतच नाहीत. ह्या विकाराच्या दुसऱ्या प्रकाराचा धागा मुंबईशी जुळतो. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एका अत्यंत विरळ रक्तगटाची नोंद केली; तो आज जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणूनच ओळखला जातो. ह्या गटाच्या व्यक्तींच्या रक्तपेशींवर फ्यूकोज ह्या शर्करेने पूर्ण होणारी एक साखळी अपुरी राहते. त्यापासून त्यांना एरवी काही त्रास नसतो. रक्त देण्याची वेळ आली म्हणजे मात्र अडचण उभी राहते. १९९२ साली इस्राएलमध्ये दोन मुलांत हाच रक्तगट आणि त्याबरोबर वारंवार होणारे संसर्ग आढळले. त्यांच्यात फ्यूकोजचा तुटवडा केवळ रक्तगटाच्या साखळीपुरता नसून सर्वत्र होता. त्यामुळे श्वेत पेशींवरील, सिलेक्टिनांनी पकडावयाची साखळीही तयार होत नव्हती आणि पेशी भिंतीवर गडगडू शकत नव्हत्या. रक्तगटाच्या एका जुन्या नोंदीचा संबंध चाळीस वर्षांनी आसंजनाशी असा लागला.

आता पुन्हा आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. २०१२ च्या प्रयोगात अपोलिपोप्रोटीन-ई नसलेल्या उंदरांच्या हृदयाची एक रोहिणी शस्त्रक्रियेने बांधून झटका घडवून आणला गेला. पुढील काही आठवड्यांत अशा उंदरांच्या महारोहिणीतील विलेप इतरांपेक्षा मोठे झाले आणि त्यांतील श्वेत पेशीही वाढल्या. मार्ग असा उलगडला. वेदना व आघात ह्यांनी अनुकंपी तंत्रिकातंत्र चेतविले जाते. त्याच्या संदेशाने अस्थिमज्जेतील मूळ पेशी तेथून सुटून प्लीहेत जाऊन वसतात आणि तेथे मोनोसाइटांचे उत्पादन वाढते. मृत स्नायू साफ करण्यासाठी मागविलेले हे मनुष्यबळ गरजेपेक्षा अधिक आणि अधिक काळ येत राहते, व उरलेले विलेपात शिरते.

केवळ पेशींची संख्या वाढल्याने त्या आत शिरतील असे मात्र नाही. भिंतीनेही त्यांना पकडले पाहिजे. हा दुसरा अर्धा भाग २०१६ साली हेंड्रिक झागर, नारेनडॉर्फ आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आला. झटक्यानंतर वाढलेल्या अनुकंपी चेतनेमुळे विलेपावरील अंतःस्तरात आसंजन-रेणूंचे प्रमाणही वाढते, असे त्यांना दिसले. एकेक रेणू काढल्याने पेशी दुसरी वाट शोधतात, हा मागील प्रयोगांचा धडा त्यांनी गिरविला होता. म्हणून आयकॅम-१, आयकॅम-२, व्हीकॅम-१, ई-सिलेक्टिन आणि पी-सिलेक्टिन ह्या पाचांवर एकाच वेळी रोख धरण्यात आला. त्यासाठी जनुके निकामी करण्याची गरज पडली नाही. जनुकाच्या निरोपावरून प्रथिन तयार होण्यापूर्वीच तो निरोप नष्ट करणारे आरएनएचे लहान तुकडे वापरले गेले. ही युक्ती अँड्र्यू फायर व क्रेग मेलो ह्यांनी १९९८ मध्ये दाखविली होती आणि तिला २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाच प्रकारचे तुकडे अंतःस्तराच्या पेशींकडे ओढ असलेल्या अतिसूक्ष्म बहुवारिक कणांत एकत्र भरून ते उंदरांना टोचण्यात आले. परिणामी झटक्यानंतर विलेपात शिरणाऱ्या न्यूट्रोफिल व मोनोसाइट पेशी घटल्या; विलेपाचे टोपण कुरतडणाऱ्या विकरांची क्रियाही मंदावली. जखमी हृत्स्नायूत जाणाऱ्या पेशीही कमी झाल्या.

शेवटच्या वाक्यात समाधान आणि चिंता दोन्ही आहेत. हृत्स्नायूतील शोथ हा निव्वळ उपद्रव नव्हे. झटक्यानंतर प्रथम येणाऱ्या मोनोसाइट मृत स्नायूचा निचरा करतात. त्यांच्या मागून येणाऱ्या, निराळ्या स्वभावाच्या मोनोसाइट नव्या वाहिन्या व तंतू निर्माण होण्यास साह्य करून व्रण बांधतात. हा क्रम २००७ साली उंदरांत दाखविण्यात आला आहे. पहिल्यांचा पूर वाईट, पण दुसऱ्यांचा अभावही वाईट. बांधणी अपुरी राहिली तर हृदयाची भिंत पातळ होऊन फुगते, क्वचित फुटतेही. औषध कोणत्या दिवशी सुरू करावे आणि कोणत्या दिवशी थांबवावे, ह्यावर येथे सारे अवलंबून आहे.

माणसांवरील अनुभव संमिश्र आहे, किंबहुना बराचसा निराशेचा आहे. प्राण्यांत झटक्याने होणारी हानी इंटेग्रिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी कमी झाली होती. त्याच प्रकारच्या प्रतिपिंडांच्या २००१ व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, प्रत्येकी सुमारे चारशे रुग्णांत, मृत स्नायूचे क्षेत्र घटले नाही. व्हीकॅम-१ ची निर्मिती रोखणारे म्हणून पुढे आलेले सक्सिनोब्यूकॉल हे औषध ६,१४४ रुग्णांच्या चाचणीत मुख्य कसोटीस उतरले नाही. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. पी-सिलेक्टिनाविरुद्धच्या इन्क्लाकुमॅब ह्या प्रतिपिंडाने २०१३ मध्ये रोहिणी रुंद करण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी दिले असता हृत्स्नायूची हानी दर्शविणाऱ्या द्रव्याची वाढ काहीशी कमी केली, इतकेच. व्हीकॅम-१ शी जुळणारा इंटेग्रिन रोखणारे नॅटालिझुमॅब हे औषध मेंदूच्या एका चिवट विकारात गुणकारी ठरले खरे; परंतु काही रुग्णांत त्यामुळे मेंदूला घातक विषाणुसंसर्ग झाला. २००५ साली ते मागे घ्यावे लागले व २००६ मध्ये कडक अटींवर परत आले. पहारेकऱ्यांची वाट अडविली की काय होते, ते येथे दिसले.

तथापि शोथाचा हा सिद्धांत माणसात खोटा ठरला असे नव्हे. अंतःस्तरास आसंजन-रेणू प्रकट करावयास लावणाऱ्या इंटरल्यूकिन-१ ह्या संदेशवाहकाचा एक प्रकार रोखणारे कॅनाकिनुमॅब हे प्रतिपिंड, पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर वापरून पाहण्यात आले. रक्तातील कोलेस्टेरॉल न बदलता, त्याच्या मधल्या मात्रेने पुढील हृद्विकार व पक्षाघात ह्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. घातक संसर्ग मात्र किंचित वाढले, आणि एकूण मृत्युसंख्येत फरक पडला नाही.

उंदरात साधते ते माणसात का साधत नाही, ह्याची काही कारणे उंदराच्या शरीरातच आहेत. त्याचे हृदय मिनिटास पाचशेहून अधिक वेळा पडते. माणसाच्या श्वेत पेशींत न्यूट्रोफिलांचे बहुमत असते, तर उंदरात लिंफोसाइटांचे. मुख्य उणीव वेगळीच आहे. माणसाचा झटका बहुधा हृदयाच्या स्वतःच्या रोहिणीतील विलेप फुटून, त्यावर रक्त गोठून येतो. उंदराचे विलेप मुख्यतः महारोहिणीत होतात आणि ते सहसा फुटत नाहीत. म्हणूनच रोहिणी दोऱ्याने बांधून झटका घडवावा लागतो. निरोगी प्रवाहाची रोहिणी अचानक बांधणे आणि वर्षानुवर्षे अरुंद होत गेलेली रोहिणी एके दिवशी बंद पडणे, ह्या दोन घटना एक नव्हेत. २००२ साली अपोलिपोप्रोटीन-ई च्या जोडीने अधिक घनतेच्या मेदप्रथिनाचा एक ग्राहक-रेणूही नसलेली उंदराची जात वर्णिली गेली. तिच्यात हृद्रोहिण्या आपोआप बुजतात आणि झटका कोणी न घडविता येतो. पण हे उंदीर आठ आठवड्यांच्या आतच मरतात. झटक्यानंतर विलेपांचे काय होते, हे त्यांच्यात पाहण्यास वेळच उरत नाही.